खरेदीच्या खात्यात साइन इन करताना होणारी दुसरी पडताळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पासवर्ड बरोबर टाकला, तरी वर कोड कशाला मागतात?

पासवर्ड ही तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट. ती दुसऱ्यालाही ठाऊक होऊ शकते. एखाद्या भलत्याच साइटवरून फुटलेली पासवर्डांची यादी चोरांच्या हाती लागते आणि ईमेल-पासवर्डच्या त्याच जोड्या प्रोग्राम लावून दुकानांच्या साइटवर एकामागून एक तपासल्या जातात. जिथे जोडी जुळली तिथे दार उघडलं. यात दुकानाची चूक नसते, तुमच्या फोनला कुणी हातही लावलेला नसतो. एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरला, एवढंच पुरतं. दुसरी पडताळणी तुमच्याजवळच्या वस्तूबद्दल विचारते: हा फोन, हे सिम, ही संगणकाला लावायची सुरक्षेची चावी. पासवर्डची यादी कुठूनही विकत घेता येते, तुमच्या खिशातला फोन तसा घेता येत नाही.

माझ्या खात्यात नुसत्या जुन्या ऑर्डरी आहेत. तिथे चोराला काय मिळणार?

जतन केलेलं कार्ड, वॉलेटमधली शिल्लक, गिफ्ट कार्ड, साठलेले पॉइंट, घरचा पत्ता, फोन नंबर. शिवाय परताव्याचे पैसे कुठे वळवायचे हेही खात्यातूनच ठरतं.

चोर सहसा डिजिटल गिफ्ट कार्ड घेतो, कारण त्याला पार्सलचा पत्ता लागत नाही आणि ते काही मिनिटांत मेलवर येतं. ज्या साइटवर ऑर्डर लपवण्याची किंवा संग्रहात टाकण्याची सोय असते तिथे ती ऑर्डर यादीतून बाजूला सारली जाते. त्याच वेळी तुमचा ईमेल पत्ता शेकडो वृत्तपत्रिकांच्या नोंदणीत टाकतात. इनबॉक्समध्ये 'नोंदणी केल्याबद्दल धन्यवाद' अशा मेलांचा पूर येतो आणि खरी ऑर्डर पक्की झाल्याची मेल त्यात बुडून जाते. तेव्हा अचानक असा पूर आला, तर सगळ्या मेल निवडून पुसू नका. आधी खरेदीचं खातं उघडा आणि ऑर्डरींची यादी बघा. लपवलेल्या ऑर्डरींचा कप्पाही तपासा.

एसएमएस, ईमेल, अ‍ॅप, पासकी. यातलं काय निवडावं?

दुकान पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्ये राहणारी, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने वापरायची किल्ली) देत असेल तर पासकी. नसेल तर फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप. तेही नसेल तर एसएमएस. ईमेलवरचा कोड सगळ्यात शेवटी, आणि तोही ईमेलच्या खात्याला स्वतःची दुसरी पडताळणी लावलेली असेल तरच. नाहीतर ज्याने ईमेल उघडली त्याला पासवर्ड बदलण्याची लिंक आणि कोड, दोन्ही एकाच डब्यात मिळतात.

एसएमएसची अडचण अशी की तो तुमच्या फोनकडे येत नाही, तुमच्या नंबरकडे येतो. मोबाइल कंपनीला फसवून कुणी तुमच्या नावाने नवं सिम काढलं की त्या क्षणापासून कोड त्याच्याकडे जातात. यालाच सिम स्वॅप म्हणतात. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत टेलिफोनच्या जाळ्यावरून येणारे कोड 'मर्यादित' वर्गात टाकले, त्यामागे हेही एक कारण होतं. ओळखण्याची खूण सोपी आहे. तुमच्या फोनचं नेटवर्क अचानक जातं, आजूबाजूच्यांचं चालू असतं आणि फोन बंद-चालू करूनही ते परत येत नाही. असं झालं तर दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला कळवा.

तरीही दुकान फक्त एसएमएसच देत असेल, तर तो चालू कराच. फुटलेल्या याद्या लावून पाहणारा प्रोग्राम एसएमएसपाशीही अडतो, आणि खरेदीच्या खात्यांवर या प्रकारचे हल्ले सर्रास होतात.

ऑथेंटिकेटर अ‍ॅप इंटरनेट नसतानाही कोड कसा दाखवतं?

कारण कोड कुणी पाठवतच नाही. क्यूआर कोड स्कॅन करता तेव्हा दुकानाने बनवलेली एक गुप्त किल्ली तुमच्या फोनमध्ये उतरते. तीच किल्ली दुकानाकडेही असते. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद लोटले ते मोजून त्याचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडतात. चालू तुकड्याचा क्रमांक आणि ती किल्ली एका गणिती सूत्रात घातली की सहा आकडे बाहेर पडतात. दोन्हीकडे किल्ली एक, वेळ एक, म्हणून उत्तरही एकच. ही पद्धत २०११ मध्ये खुलं मानक म्हणून प्रसिद्ध झाली, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं ऑथेंटिकेटर अ‍ॅप हे मानक पाळणाऱ्या कुठल्याही दुकानाला चालतं. 'आमचंच अ‍ॅप घ्या' असं पानावर लिहिलं असलं, तरी साधा क्यूआर कोड दिसत असेल तर आधीचंच अ‍ॅप वापरून बघा.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवायची: त्या क्यूआर कोडचा फोटो म्हणजे किल्लीची नक्कल. स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवला आणि गॅलरी आपोआप क्लाउडवर गेली, तर किल्लीही तिथे गेली.

क्यूआर स्कॅन होत नसेल तर पानावर किल्ली अक्षरांतही मिळते. ती हाताने टाकताना लोक हमखास अडखळतात. या किल्लीत इंग्रजी अक्षरं असतात आणि फक्त २ ते ७ हे आकडे. शून्य, एक, आठ, नऊ कधीच नसतात. शून्यासारखं दिसलं तर ते 'ओ' अक्षर, आठसारखं दिसलं तर 'बी', आणि एक या आकड्यासारखं दिसलं तर 'आय' किंवा 'एल'. मधल्या मोकळ्या जागा वाचायला सोपं जावं म्हणून असतात, त्या नाही टाकल्या तरी चालतं.

अ‍ॅपमधला कोड जसाच्या तसा टाकतो, तरी 'चुकीचा कोड' येतं. का?

बहुतेक वेळा घड्याळ. फोनचं घड्याळ मिनिट-दोन मिनिटं पुढे-मागे असेल तर फोन भलत्याच तुकड्याचा कोड काढतो. दुकानं साधारण एक तुकडा अलीकडचा-पलीकडचा मान्य करतात, त्यापुढे नाही. फोनच्या सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ 'आपोआप' वर ठेवा. वेळ हाताने लावून टाइम झोन मात्र चुकीचा राहिला, तरी हाच घोटाळा होतो. घड्याळ दिसायला बरोबर आणि आतून तासांनी चुकलेलं.

घड्याळ ठीक असेल तर अ‍ॅपमधली यादी बघा. त्याच दुकानाच्या दोन नोंदी दिसतात का? पडताळणी एकदा बंद करून पुन्हा चालू केली की दुकान नवी किल्ली बनवतं आणि जुनी नोंद निकामी होते. पण ती अ‍ॅपमधून आपोआप जात नाही, कोड दाखवतच राहते. कोणती नोंद चालते ते साइन इन करून पाहा आणि मगच दुसरी पुसा. शिवाय कोडशेजारचं, उरलेला वेळ दाखवणारं वर्तुळ संपत आलेलं असताना कोड टाकायची घाई करू नका, पुढचा येऊ द्या.

एसएमएस येतच नाही. किती वेळा 'पुन्हा पाठवा' दाबायचं?

एकदा दाबा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. सारखं दाबण्यानेच काम बिघडतं. बऱ्याच साइटवर नवा कोड निघाला की आधीचा रद्द होतो. चार वेळा दाबलं की चार एसएमएस उलटसुलट क्रमाने येतात, तुम्ही त्यातला जुना टाकता, तो चुकतो, आणि काही चुकांनंतर साइट तुम्हाला थोडा वेळ अडवून ठेवते.

थांबलेल्या वेळात पानावर नंबराचे जे शेवटचे दोन-चार आकडे दिसतात ते वाचा. जुना नंबर तर नोंदलेला नाही ना? मग विमान मोड लावून काढा. मेसेज अ‍ॅपमधला स्पॅम किंवा ब्लॉक केलेल्यांचा कप्पा उघडा. फोनमध्ये दोन सिम असतील तर नोंदवलेलं सिम चालू आहे का ते बघा. परदेशात असाल तर रोमिंग सुरू आहे का, तेही. यातलं काहीच लागू पडत नसेल तर 'कॉल करून सांगा' हा पर्याय घ्या. एसएमएस अडतो तिथे पुष्कळदा कॉल येतो.

कोड ईमेलवर येणार असेल आणि दहा मिनिटांनी उगवत असेल, तर दोष बहुधा तुमच्या मेल सर्व्हरचा. अनोळखी पाठवणाऱ्याची पहिली मेल काही सर्व्हर मुद्दाम परत लावतात आणि दुसऱ्यांदा आल्यावर घेतात. तोवर कोडची मुदत संपते. पाठवणाऱ्याचा पत्ता ओळखीच्या यादीत टाकल्याने काही सेवांत हा उशीर टळतो.

पडताळणी चालू कशी करायची?

मेनूची नावं दुकानागणिक बदलतात, पण वाट साधारण हीच: खातं, मग लॉगिन आणि सुरक्षा, मग द्विस्तरीय पडताळणी. खालचा क्रम मात्र पाळा. तो उलटा झाला की लोक स्वतःच्याच खात्याबाहेर राहतात.

१. आधी ईमेल पत्ता आणि फोन नंबर चालू आहेत याची खात्री करा.
२. पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला असेल तर तो आत्ताच बदला.
३. शक्य असेल तर संगणकावर साइट उघडा आणि फोनने क्यूआर स्कॅन करा. एकाच फोनवर दोन्ही करायचं तर अक्षरांतली किल्ली कॉपी करावी लागते.
४. अ‍ॅपने दाखवलेला कोड टाकून नोंद पक्की करा. हे केल्याशिवाय पान बंद केलं तर पडताळणी चालूच होत नाही, अ‍ॅपमध्ये मात्र नोंद राहते.
५. दुसरा मार्ग जोडा: बॅकअप कोड (अडचणीत वापरायला दुकान आधीच देतं ते कोड), दुसरा फोन किंवा दुसरा नंबर.
६. या खिडकीत साइन इन असतानाच दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा खासगी खिडकीत नव्याने साइन इन करून बघा. काही चुकलं असेल तर पहिली खिडकी अजून उघडी असते.

पाचवी पायरी उद्यावर टाकू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. चोराने खातं नेलं नाही, पण फोन फुटला आणि मालकच बाहेर राहिला, ही तक्रार फार ऐकू येते. तिच्यावरचा उपाय फोन धडधाकट असतानाच करता येतो.

बॅकअप कोड कुठे ठेवायचे?

कागदावर. घरात महत्त्वाचे कागद जिथे असतात तिथे. त्यावर दुकानाचं नाव आणि तारीख लिहा, कारण नवा संच काढला की जुना रद्द होतो आणि दोन संच सारखेच दिसतात. एक कोड एकदाच चालतो, वापरलेल्यावर रेघ मारा. पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेवलेत तरी चालतात, फक्त तो मॅनेजर त्या एकाच फोनवर नसावा. फोनच्या गॅलरीत ठेवले तर फोनबरोबर तेही जातात.

फोन हरवला. आता?

साइन इनच्या पानावर 'दुसरा मार्ग वापरा' अशी ओळ कोडच्या चौकटीखाली असते. तिथे बॅकअप कोड टाका. आत गेल्यावर आधी खात्याच्या सेटिंगमधून हरवलेल्या फोनवरचं अ‍ॅप काढून टाका, मग नव्या फोनवर नव्याने क्यूआर स्कॅन करा. जुनी किल्ली तशीच ठेवू नका.

बॅकअप कोड नसतील तर घरातल्या लॅपटॉपवर, टॅबवर कुठे साइन इन राहिलं आहे का ते शोधा. तिथून सेटिंग बदलता येते का बघा, आणि सापडलं तर चुकूनही साइन आउट करू नका. पडताळणी एसएमएसवर असेल तर मोबाइल कंपनीकडून त्याच नंबरचं बदली सिम घ्या, कोड पुन्हा येऊ लागतील. ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा क्लाउड बॅकअप चालू असेल तर नव्या फोनवर त्याच खात्याने साइन इन केल्यावर नोंदी परत येतात. गूगलच्या अ‍ॅपमध्ये ही सोय एप्रिल २०२३ पासून आहे.

हे सगळं संपलं तरच ग्राहक सेवा. तिथे ओळखपत्राची प्रत, जुन्या ऑर्डरींचे तपशील मागितले जाऊ शकतात आणि काही दिवस जातात. हा उशीर त्रासदायक असला तरी त्यामागे कारण आहे: 'फोन हरवला, पडताळणी काढा' हीच बतावणी चोरही करतो. ओळखपत्र द्यायचं ते दुकानाच्या स्वतःच्या साइटवरून उघडलेल्या पानावरच. समाजमाध्यमांवर 'खातं उघडून देतो' म्हणणाऱ्या कुणालाही ते पाठवू नका.

मी काही केलं नाही, तरी कोड आला. घाबरायचं का?

ते दुकान कोड कधी पाठवतं यावर ठरतं. पासवर्ड बरोबर आल्यानंतरच कोड जात असेल, तर कुणाकडे तरी तुमचा पासवर्ड आहे. तो लगेच बदला, आणि जिथे जिथे तोच होता तिथेही बदला. पण नुसता मोबाइल नंबर टाकला की कोड पाठवणारी दुकानंही पुष्कळ आहेत. तिथे कुणीतरी एक आकडा चुकवला असेल. कोड कुणाला दिला नाही तर काही होत नाही, तो मुदत संपून मरतो. मात्र लागोपाठ येत राहिले तर ती चूक नव्हे, प्रयत्न आहे. दोन्हीकडे एक नियम: आलेल्या मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका, दुकानाचं अ‍ॅप स्वतः उघडा.

ग्राहक सेवेतून फोन आहे, ऑर्डर रद्द करायला कोड मागताहेत. सांगू?

नाही. साइन इनचा कोड फक्त टाइप करायचा असतो, तोंडाने सांगायचा नसतो. दुकानाच्या माणसाला तुमचं खातं बघायला तुमचा कोड लागत नाही. सहा आकड्यांचे दहा लाख कोड होतात. पाच प्रयत्नांनंतर दार बंद होत असेल, तर अंदाजाने लागण्याची शक्यता दोन लाखांत एक. म्हणून चोर अंदाज लावत बसत नाही, तुम्हालाच विचारतो.

गोंधळ होतो तो पार्सलच्या कोडमुळे. काही दुकानं महाग वस्तू दारात देताना एक वेगळा कोड मागतात, आणि तो पार्सल आणणाऱ्याला सांगायचाच असतो. याची सवय झाली की दुसराही कोड सहज सांगितला जातो. म्हणून आकडे वाचण्याआधी मेसेजमधलं वाक्य वाचा. त्यात 'साइन इन', 'लॉगिन' किंवा 'पासवर्ड बदल' असं काही असेल तर तो पार्सलचा नाही. पार्सलचा कोड वस्तू हातात आल्यावरच द्या.

कोड असूनही लोक फसतात ते कसे? आणि पासकीने त्यात काय फरक पडतो?

बनावट पान हुबेहूब दुकानासारखं असतं. तुम्ही तिथे पासवर्ड टाकता, ते पान तो त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतं. खरी साइट तुम्हाला खरा कोड पाठवते. तुम्ही तो बनावट पानावर टाकता, तो पुढे जातो, आणि आत चोर शिरतो. ३० सेकंदांची मुदत इथे उपयोगी पडत नाही, कारण मधला प्रोग्राम दोन सेकंदांत काम उरकतो. एसएमएस आणि ऑथेंटिकेटर दोघंही इथे सारखेच हतबल.

पासकी इथे चोराला अडवते. पासकी बनवताना फोन किल्ल्यांची जोडी तयार करतो. खासगी किल्ली तुमच्याकडे राहते, सार्वजनिक किल्ली दुकानाकडे जाते, आणि ही जोडी साइटच्या नेमक्या पत्त्याला बांधलेली असते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी फोन ती पासकी पुढे करत नाही. तुम्ही फसलात तरी फोन फसत नाही. दुकानाचा डेटा फुटला तरी चोराला मिळते ती सार्वजनिक किल्ली, जिच्याने दार उघडत नाही. यामागचं वेबऑथन हे वेब मानक मार्च २०१९ मध्ये मंजूर झालं, आणि मे २०२२ मध्ये अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून त्यावर आधारित पासकींना पाठिंबा जाहीर केला.

बोटाचा ठसा किंवा चेहरा दुकानाकडे जात नाही, तो फक्त फोनमधली किल्ली वापरायची परवानगी देतो. आणि पासकी तुमच्या अ‍ॅपलच्या किंवा गूगलच्या खात्यातून इतर उपकरणांवर जात असेल, तर त्या खात्याचं कुलूप आधी पक्कं करा.

पासकी नसेल तोवर पासवर्ड मॅनेजरवर लक्ष ठेवा. एरवी आपोआप भरणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाकण्याआधी वरचा पत्ता अक्षर-अक्षर वाचा.

फोनवर 'तुम्हीच साइन इन करताय का?' असं सारखं येतंय.

'नाही' दाबा आणि पासवर्ड बदला. कंटाळून एकदा 'हो' दाबाल या आशेने चोर रात्री-बेरात्री विचारणा पाठवत राहतो. पडद्यावरचा आकडा फोनवर जुळवून टाकायचा पर्याय असेल तर तो घ्या, त्यात झोपेत 'हो' दाबलं जात नाही.

'या उपकरणावर पुन्हा विचारू नका' वर खूण केली, तरी रोज विचारतात.

ती आठवण ब्राउझरच्या कुकीमध्ये, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत, असते. खासगी खिडकी, कुकी पुसणारं सेटिंग, दुसरा ब्राउझर किंवा व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्याच ठिकाणाहून आल्यासारखं दाखवणारी सेवा) यातलं काही असलं की साइटला तुम्ही नवे वाटता. दुकानाचं अ‍ॅप आणि ब्राउझर यांची खूणही वेगवेगळी करावी लागते. कार्यालयातल्या किंवा सगळ्यांच्या वापरातल्या संगणकावर ही खूण कधीच करू नका.

घरात सगळे एकच खातं वापरतो. कोड एकाच्याच फोनवर येतो.

दुकानात कुटुंबासाठी जोडखात्यांची सोय असेल तर ती सगळ्यात चांगली. नसेल तर पडताळणी चालू करतानाच एक क्यूआर कोड दोन फोनवर स्कॅन करा, दोन्हीकडे तेच आकडे येतील. दुसऱ्या फोनवर नंतर जोडायचं ठरवलं तर बहुतेक वेळा सगळं नव्याने करावं लागतं. त्या दोघांपैकी एकाचा फोन गेला तर किल्ली दोघांसाठीही बदला.

मोबाइल नंबर बदलतोय.

जुनं सिम बंद करायच्या आधी नवा नंबर नोंदवा, कारण बदलाची खात्री करायला कोड बहुधा जुन्याच नंबरवर जातो. सोडलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात. तुमचे कोड मग त्या माणसाला जातील.

खात्यात कुणी शिरलंय असं वाटतं. आधी पडताळणी चालू करू?

आधी ईमेलचं खातं सुरक्षित करा, कारण दुकानाचा नवा पासवर्ड त्याच वाटेने काढता येतो. मेलमध्ये आपोआप दुसरीकडे पाठवण्याचा एखादा नियम लावून ठेवलेला नाही ना, ते बघा. मग दुकानाचा पासवर्ड बदला आणि 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' दाबा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. पडताळणी फक्त नव्याने साइन इन करणाऱ्याला अडवते, आत बसलेल्याला बाहेर काढत नाही. त्यानंतर पडताळणी चालू करा, बॅकअप कोडचा नवा संच काढा आणि नोंदलेले नंबर, ईमेल, पत्ते, पासकी यांच्या याद्या एकेक करून वाचा. चोर जाताना स्वतःचा नंबर किंवा पासकी मागे ठेवून जाऊ शकतो. अनोळखी ऑर्डर दिसली तर दुकानाला आणि कार्ड देणाऱ्या बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा, आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.